पीटच्या दलदलीतली छोटी लाइन आणि तिचे प्रवासी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा बार्शीचा, गेली बारा वर्षं डब्लिनला. छोट्या लायनींचं वेड गावाकडूनच आलेलं, आणि इथे आल्यावर ते थेट दलदलीत जाऊन रुतलं. ओळखीचे लोक, त्यांचे पाहुणे, सुट्टीत येणारे भाचे तेच तेच प्रश्न विचारत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. पीट म्हणजे नेमकं काय? कुंडीत घालतो ते कोकोपीटच ना?

नाही. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. खऱ्या पीटला पर्याय म्हणून तो बागकामात आला आणि येताना नावही घेऊन आला. खरं पीट थंड, ओल्या प्रदेशात तयार होतं. स्फॅग्नम नावाचं शेवाळ आणि इतर झाडोरा साचलेल्या पाण्यात बुडतो, हवा न लागल्यामुळे पुरता कुजत नाही, आणि थरावर थर चढत जातो. वाढ वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे पुरुषभर खोल थर पाहिलात तर तो दीडेक हजार वर्षांचा समजा. शाळेच्या भूगोलात कोळशाच्या प्रकारांत पहिलं नाव पीटचं असायचं, तेच हे.

जमिनीत असताना त्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. कापून वाळवलं की ते जळतं. आयर्लंडमध्ये त्याला टर्फ म्हणतात. हाताने कापलेल्या टर्फच्या विटा वाळायला रचलेल्या पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मला आजीचा गोवऱ्यांचा हुडवाच आठवला.

२. दलदलीत रेल्वे कशाला? ट्रक का नाही?

ट्रक रुततो. त्याचं सगळं वजन चार-सहा ठिकाणी जमिनीवर येतं, आणि ही जमीन म्हणजे भिजलेला स्पंज. रुळाखाली ओळीने स्लीपर (आडवे ओंडके) असल्यामुळे तेच वजन लांबवर पसरतं. शिवाय डबे हलके आणि इंजिनही बेताचं, त्यामुळे काम भागतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पीट एका खाणीच्या तोंडातून निघत नाही, ते मैलोन्‌मैल पसरलेल्या पट्ट्यांवरून खरवडून गोळा करावं लागतं. आज या पट्ट्याचा ढीग उचलायचा, पुढच्या महिन्यात त्या. त्यामुळे मुख्य लाइन कायमची आणि तिला फुटलेले फाटे तात्पुरते, अशी रचना असते. रूळ आणि स्लीपर जोडलेले तयार तुकडे उचलून दुसरीकडे नेतात. रशियातल्या छोट्या लायनींवर अशा तात्पुरत्या फाट्याला ‘उस’ म्हणतात, म्हणजे मिशी. रस्ता असा गुंडाळून नेता येत नाही.

३. रूळ किती रुंद? आपल्या माथेरानच्या गाडीएवढे?

देशागणिक वेगळे. आयर्लंडच्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ९१४ मिलिमीटर, म्हणजे तीन फूट. रशिया, बेलारूस, एस्टोनिया या पट्ट्यात ७५० मिलिमीटर. जर्मनीत बहुतेक ठिकाणी ६००. माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरची, म्हणजे जर्मन दलदलीच्या सगळ्यात जवळची. विदर्भातली शकुंतला आणि आमची बार्शी लाइट ७६२ च्या होत्या, रशियन गेजहून जेमतेम बारा मिलिमीटरने मोठ्या.

इथे थोडं विषयांतर, कारण गावचा अभिमान आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं सूत्र साधं होतं: एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हवे तर आस वाढवा. म्हणून हलक्या रुळांवरूनही चांगली वजनदार गाडी नेता आली. बार्शीची काळी जमीन आणि आयर्लंडची दलदल यांत साम्य शोधू नका, पण भार वाटून द्यायचा हा हिशोब दोन्हीकडे एकच आहे.

४. पण या तर मालगाड्यांच्या लायनी. प्रवासी कुठून आले?

तीन वाटांनी. पहिले कामगार. पट्टे कारखान्यापासून दहा-वीस किलोमीटर लांब, तिथवर माणसांना पोचवायचं तर त्याच रुळांवरून. दुसरे गावकरी. रशियात दलदलीच्या कडेला किंवा पार मध्यावर वस्त्या वसल्या, आणि कित्येकांना रूळ सोडून बारमाही वाट नव्हती (प्रश्न ५). तिसरे पर्यटक. ते सगळ्यात शेवटी आले, आणि आज तुम्हाला गाडीत बसायला मिळतं ते त्यांच्यामुळे (प्रश्न ८ आणि ११).

बरेच जण तिसऱ्या प्रकारावरून पहिल्या दोघांचा अंदाज बांधतात, तिथे घोळ होतो. उघड्या डब्यातली अर्ध्या-पाऊण तासाची फेरी छान असते, पण पहाटे अंधारात गोठलेल्या फलाटावर डबा कधी येतो याची वाट पाहणाऱ्या बाईचा प्रवास तो नव्हे. मला विचाराल तर या लायनींचा खरा इतिहास त्या बाईचा आहे. टनांचे आकडे कंपनीच्या वहीत सापडतात, तिची नोंद मात्र कोणी फारशी ठेवलेली नाही.

५. रशियातल्या त्या गाड्या कशा होत्या? जरा सविस्तर सांगा.

सविस्तरच सांगतो, कारण असा पसारा दुसरीकडे झाला नाही.

क्रांतीनंतर कोळसा आणि तेल दोन्ही दूर आणि महाग होतं, पीट मात्र मॉस्कोच्या दाराशी. १९२० च्या गोएलरो विद्युतीकरण योजनेत पीटवर चालणारी वीजकेंद्रं आली. मॉस्कोच्या पूर्वेला शातुराचं मोठं केंद्र १९२५ मध्ये सुरू झालं. त्याला इंधन पुरवायला ७५० मिलिमीटरच्या लायनींचं जाळं आजूबाजूच्या दलदलीत पसरलं, आणि अशीच जाळी देशभर कितीतरी ठिकाणी उभी राहिली. हंगामात दूरच्या खेड्यांतून बायका कामाला यायच्या. त्यांना ‘तोर्फुश्का’ म्हणत, तोर्फ म्हणजे पीट. गुडघाभर चिखलातलं हे काम यंत्रं येईपर्यंत बऱ्याच अंशी त्यांच्याच हातांनी झालं.

मग वस्त्या झाल्या, शाळा झाल्या, दुकानं झाली, आणि त्या सगळ्यांना जोडणारी गाडी कारखान्याचीच. मुलं शाळेत तिच्यातून जायची, पाव तिच्यातून यायचा, आजारी माणूस तिच्यातूनच दवाखान्यात पोचायचा. लोक प्रेमाने छोट्या गाडीला ‘कुकुश्का’ म्हणायचे, म्हणजे कोकिळेच्या कुळातली कुकू.

सगळ्यात प्रसिद्ध डबा पीव्ही-४०, देमिखोवोच्या कारखान्यात बनलेला. मी एका संग्रहालयात त्यात बसलोय. मधून अरुंद वाट, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, एवढी जवळ की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. एका टोकाला लोखंडी शेगडी आणि तिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं. हिवाळ्यात तीच सोय. शेगडीजवळचा घामाघूम आणि दाराजवळचा गारठलेला, असं होत असणार हे बसल्याबरोबर कळतं. पुढे टीयू-४ किंवा टीयू-७ जातीचं डिझेल इंजिन. टीयू-४ ची ताकद २५० अश्वशक्ती. ऐकायला कमी वाटते, पण अशा रुळांवर त्याहून जास्त ताकद वापरणार तरी कुठे?

पीटची जागा नैसर्गिक वायूने घेतली तशा लायनी उठू लागल्या, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर झपाट्याने. शातुराचं जाळंही गेलं. जपलेलं काही पाहायचं असेल तर दोन नावं लक्षात ठेवा: पेरेस्लाव्हलजवळचं तालित्सीचं संग्रहालय आणि नोव्हगोरोद प्रांतातलं तेसोवो. दोन्ही जागा पीटच्याच लायनींच्या.

६. पीट संपलं तरी प्रवासी गाडी चालूच राहिली, असं कुठे झालंय का?

झालंय, आणि नियमाला अपवाद म्हणूनच हा प्रश्न वेगळा काढला. किरोव्ह प्रांतात किरोवो-चेपेत्स्क शहराजवळ कारिन्तोर्फ नावाची वस्ती आहे. नावातच ‘तोर्फ’ आहे, त्यामुळे ती कशासाठी वसली हे सांगायला नको. वस्ती आणि शहर यांच्यामध्ये चेपेत्सा नदी आडवी येते, आणि नदीवर छोट्या लायनीचा पूल आहे. पीटचं काम थांबलं, पण माणसांना नदी ओलांडायची होतीच, म्हणून पीट गेल्यावरही प्रवासी गाडी राहिली.

अशी रेल्वे ‘औद्योगिक’ म्हणायची का? उगमाने हो, कामाने आता नाही. मी ती यादीत ठेवतो. शुद्धतावादी मंडळी वगळतात. त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

बेलारूसमध्ये याच्या उलट चित्र आहे. तिथे पीटच्या विटा बनवणारे कारखाने चालू आहेत आणि त्यांच्या ७५० मिलिमीटरच्या लायनीही. तिथे कामगारांचा डबा दिसला तर तो अजून कामावरच आहे, शोभेला नाही.

७. मग आयर्लंडमध्येही गावोगावी अशा प्रवासी गाड्या होत्या का?

नाही, आणि यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. १९४६ मध्ये बोर्ड ना मोना स्थापन झाली. भर असताना तिच्या लायनींची एकूण लांबी दोन हजार किलोमीटरच्या आसपास गेली, युरोपातल्या मोठ्या औद्योगिक जाळ्यांपैकी एक. तरी गावांना जोडणारी नेमाची प्रवासी गाडी तिच्यावर नव्हती. कारण भूगोलात आहे. आयर्लंडची दलदल मोठी असली तरी तिच्याभोवती रस्ते आणि गावं आधीपासून होती. कामगार सायकलने, लॉरीने यायचे, हंगामात कंपनीच्या वसतिगृहांत राहायचे. पुढे १९५० च्या दशकात कंपनीने त्यांच्यासाठी वसाहतीच बांधल्या. किल्डेअर परगण्यातलं कॉइल डुव त्यांतलंच एक.

रुळांवरून माणसं जायची ती दलदलीच्या आत: टोळीला कामाच्या पट्ट्यावर सोडणं, लाइन तपासणं, मोडलेल्या यंत्रापाशी फिटर पोचवणं. त्यासाठी छोट्या रेलकार होत्या, आपल्याकडच्या मोटार ट्रॉलीची थोरली बहीण म्हणा. तिकीट, वेळापत्रक, स्टेशन यातलं काही नाही.

८. शॅननब्रिजची दलदल सफारी गाडी अजून चालते का? जुन्या पुस्तिकेत वाचलं.

पुस्तिका खूपच जुनी आहे. क्लॉनमॅकनॉइज अँड वेस्ट ऑफली रेल्वे नावाची ती गाडी २००८ मध्ये बंद झाली. बोर्ड ना मोना स्वतःच ती चालवायची. ब्लॅकवॉटर दलदलीत सुमारे नऊ किलोमीटरचा फेरा, हिरवा-पिवळा डबा, वाटेत उतरून ‘श्लान’ नावाच्या टर्फ कापायच्या कुदळीने हात आजमावायची संधी. मालगाड्या चालू असलेल्या खऱ्या औद्योगिक लाइनवर तिकीट काढून बसता यायचं, हे तिचं वेगळेपण. मी इथे आलो तोवर ती गेली होती. हळहळ अजून आहे.

आज लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर किल्डेअरमधलं ललीमोर हेरिटेज पार्क. तिथे छोटी गाडी दलदलीच्या कडेने फिरवून आणते. डब्लिनहून मोटारीने तासाभराचा रस्ता. स्ट्रॅडबलीबद्दलही लोक विचारतात, ते प्रश्न १० मध्ये.

९. बोर्ड ना मोनाच्या मालगाडीत ओळख काढून बसता येईल का?

नाही. आपल्याकडे गार्डाच्या डब्यातून कोणी काका घेऊन जायचे, ते दिवस विसरा. विम्यापासून सगळंच आड येतं. शिवाय आता बसायला गाड्याच उरल्या नाहीत. विजेसाठी पीट काढणं कंपनीने थांबवल्याचं जानेवारी २०२१ मध्ये अधिकृतपणे जाहीर झालं. त्याच्या आधीच्या महिन्यात शॅननब्रिज आणि लेन्सबरो ही दोन्ही वीजकेंद्रं बंद पडली होती. एडनडेरीचं केंद्रही २०२३ अखेर पीटपासून सुटलं. ओस पडलेल्या लाइनवरून चालत जाण्याचाही मोह आवरा: बाजूचे चर खोल असतात, आणि वरून गवत असलं तरी खाली काय आहे ते दिसत नाही.

१०. पीटवर चालणारं वाफेचं इंजिन खरंच होतं का? त्यात बसता येतं का?

होतं, आणि इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली: १९४९ मध्ये अँड्र्यू बार्कले कंपनीने बोर्ड ना मोनासाठी तीन छोटी वाफेची इंजिनं बांधली, पीट जाळण्यासाठी. प्रयोग फारसा जमला नाही. पीट जागा खूप खातं, उष्णता कमी देतं, आणि सुक्या पीटच्या रानातून ठिणग्या सोडत जाणारं इंजिन ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी. डिझेलने बाजी मारली. पण तिन्ही इंजिनं भंगारात गेली नाहीत. एक स्ट्रॅडबलीला आहे. एक उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेच्या लाइनवर गेलं, तिथे त्याचं नाव ‘शेन’. तिसऱ्याचे भाग वापरून वेल्सच्या टॅलिलिन रेल्वेने नवं इंजिन उभं केलं, ते १९९१ मध्ये ‘टॉम रोल्ट’ नावाने धावू लागलं. टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीची लाइन, तिचं गेजही वेगळं. म्हणजे दलदलीतल्या इंजिनाच्या मागे प्रवासी बसतात, पण दलदल कुठेच नाही.

दुसरी: स्ट्रॅडबलीची रेल्वे. इंजिन दलदलीचं, गेज दलदलीचं, पण लाइन एका जुन्या हवेलीच्या आवारातल्या झाडीत हौशी मंडळींनी घातलेली. बघायला जरूर जा, फक्त दलदल पाहिली असं घरी सांगू नका.

तिसरी: ‘टर्फ बर्नर’. ऑलिव्हर बुलिड यांचं १९५७ चं सीसी-१ हे पीट जाळणारं इंजिन आयर्लंडच्या मुख्य, रुंद लाइनसाठी होतं. छोट्या लाइनशी त्याचा संबंध फक्त इंधनापुरता.

११. आम्ही जर्मनीत असतो. जवळपास काही?

हॅम्बर्गजवळ क्विकबोर्नचं हिमेलमोर, ६०० मिलिमीटरची लाइन. तिथे पीट काढणं २०१८ मध्ये थांबलं. लोअर सॅक्सनीत आलेनमोर आणि उख्टर मोर इथे ‘मोरबान’ म्हणजे दलदल-गाडी आहे. दीपहोल्झ हे गाव वाटेत आलं तर लक्षात असू द्या: दीमा आणि शोमा या दोन्ही छोट्या इंजिनांच्या कंपन्या त्याच एका गावच्या, आणि आजूबाजूला सगळी दलदल. एस्टोनियात गेलात तर लवासारेचं संग्रहालय चुकवू नका. १९८७ पासून आहे, पीटच्याच परिसरात.

१२. गाडी डुलते म्हणतात. घसरत नाही का?

डुलते, आणि हो, घसरतेही. दलदलीतलं पाणी काढलं की जमीन आकसते आणि खचते, सगळीकडे सारखी नाही. त्यामुळे रूळ लाटांसारखे दिसतात. पहिल्या फेरीत मी मागच्या डब्यातून वाकून रुळाकडे बघत होतो. डबा पुढे सरकला की स्लीपर दबायचा, त्याच्या कडेने चहाच्या रंगाचं पाणी वर यायचं, आणि गाडी गेली की परत आत. जमीन श्वास घेतेय असं वाटत होतं.

एकदा एका संग्रहालयाच्या गाडीत आमच्या डब्याचं पुढचं चाक खाली उतरलं. वेग एवढा कमी की एक धक्का बसला आणि थांबलो, कोणाला खरचटलंही नाही. चालकाने शांतपणे जॅक आणि लाकडाचे ठोकळे काढले, आम्हा चौघांना उतरवलं, आणि वीसेक मिनिटांत चाक रुळावर. ठोकळे इंजिनातच ठेवलेले होते, यावरून काय ते समजा.

१३. भारतात पीटची रेल्वे आहे का?

नाही. पीट आहे, निलगिरीच्या उंचावरच्या दलदलींमध्ये, पण ते थोडं आणि जपण्याजोगं. तिथली डोंगरी रेल्वे प्रसिद्ध असली तरी पीटशी तिचा संबंध नाही.

१४. पीट जाळणं वाईटच होतं ना? मग या गाड्यांचं कौतुक कशाला?

वाईट होतंच. तेवढ्याच उष्णतेसाठी पीटमधून कोळशापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि कोरडी केलेली दलदल न जाळताही कार्बन सोडत राहते. आग लागली तर ती जमिनीखालून धुमसते: १९७२ आणि २०१० च्या उन्हाळ्यांत मॉस्कोवर पसरलेल्या धुरात पेटलेल्या पीटचा मोठा वाटा होता. आयर्लंडमध्ये आता चर बुजवून पाणी परत साठवण्याचं काम सुमारे ३३,००० हेक्टरांवर ठरलं आहे. त्यात रूळ उचललेच जाणार, आणि ते योग्यच आहे. पाणी वर आणायचं आणि लाइनही कोरडी ठेवायची, दोन्ही जमत नाही.

मी कौतुक करतो ते माणसांनी अशा जमिनीवर गाडी चालवून दाखवली त्याचं. सगळंच जपून ठेवावं असं माझं म्हणणं नाही. एखाद-दोन तुकडे, आणि शक्यतो डब्यांसकट. इंजिनं लोक हौसेने जपतात, कामगारांचे डबे मात्र कोंबड्यांची खुराडी होऊन संपतात.

१५. कधी जावं, काय न्यावं? बाबागाडी चालेल का?

मे ते सप्टेंबर. बहुतेक गाड्या स्वयंसेवकांवर चालतात, त्यामुळे ठरावीक रविवारीच निघतात. घरून निघण्याआधी दिवस तपासा. रबरी बूट हवेत. वाऱ्याचं जॅकेट जूनमध्येही. संध्याकाळी वारा पडला की बारीक चावरे किडे येतात, ओडोमॉस त्यांना फारसं मोजत नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. बाबागाडी डब्यात चढवायला कोणीतरी हात देतं, पण फळ्यांच्या पायवाटेवर तिची चाकं फटीत अडकतात, म्हणून बाळाला कडेवर घेण्याची तयारी ठेवा. आजी-आजोबा बरोबर असतील तर पायरीची उंची आधी विचारून घ्या. फलाट असेलच असं नाही.